पावशेर गूळ

परवा सुतारानं जुना साग कापला, आणि त्या वासानं मला थेट लहानपणीच्या, उरवडे गावच्या घरात नेलं. तेव्हा पुण्याची बाजारपेठ नव्यानं बांधायची म्हणून जुनी दुकानं पाडत होते. त्यातल्या एका किराणा दुकानाच्या दाराच्या, एकेक करून काढता येणाऱ्या सागवानी फळ्या वडिलांनी विकत आणून आमच्या ओसरीला बसवल्या होत्या.

एका दुपारी मी आणि आई घरात असताना त्या फळ्या बाहेरून एकेक निघू लागल्या. उन्हात एक अनोळखी म्हातारा उभा होता.

"दुकान इथं हलवलंय होय? सापडायला फार वेळ लागला," असं म्हणत तो आत येऊन मांडी घालून बसला. "काय देऊ, बाई?"

आईनं मला मागं ओढलं. "पावशेर गूळ द्या," ती म्हणाली.

त्यानं हवेतूनच गूळ तोडला, तोलला, कागदात बांधला आणि पुढे केला.

"आई, हातात कायबी न्हाई त्याच्या," मी कुजबुजले.

"गप बस," म्हणत तिनं पदर पसरला, ती पुडी घेतल्यासारखं केलं आणि पदराला गाठ मारली.

थोड्या वेळानं त्याचा मुलगा शोधत आला आणि त्याला घेऊन गेला. मला तेव्हा त्या रिकाम्या हातांचीच भीती वाटली होती. आता आईचंच नवल वाटतं. पदराची ती गाठ तिनं दिवेलागणीपर्यंत सोडली नाही.