वन्संची तिसरी खेप

एकोणिसाव्या दिवशी दुपारी आम्ही एका लांबलचक उतारावर होतो. म्हणजे मी होते. वन्सं केव्हाच खाली ओढ्यापर्यंत पोचल्या होत्या. तिथे त्यांनी सॅक टेकवली, मी अजून वरच आहे हे पाहिलं, आणि निम्मा चढ पुन्हा चढून माझ्यापाशी आल्या.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. उभं राहिलं की पाय आखडतात."

"मग बसायचं."

"बसलं की जास्त आखडतात."

माझा उजवा गुडघा चार दिवस कुरकुरत होता. आधी काठी, मग डावा पाय, मग देवाचं नाव, मग उजवा पाय, अशी मी उतरत होते.

"जरा मोठ्याने घे की नाव," वन्सं म्हणाल्या, "मलाही थोडं पुण्य लागेल."

"तुम्ही जागेवर थांबलात तर ऐकू येईल."

त्या हसल्या आणि पुन्हा खाली गेल्या. तो उतार त्या दिवशी त्या दीड वेळा उतरल्या, आणि तरी ओढ्यावर चहाचं पाणी त्यांनीच ठेवलं होतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय साठ. चौतीस वर्षं त्यांनी पार्सलच्या गोदामात काढली, आधी सरकत्या पट्ट्यावर खोकी निवडायला आणि नंतर गाड्या भरायला. तिथे त्यांना सगळे 'काटा' म्हणायचे. खोकं नुसतं उचलून त्या वजन सांगत आणि मशीन नंतर तेच सांगे. माझी मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात त्यांनी तिला हातात घेतलं, जरा वरखाली केलं आणि म्हणाल्या, "पावणेतीन." नर्सने आणलेल्या चिठ्ठीवरही पावणेतीनच होतं. नर्स बिचारी एकदा चिठ्ठीकडे बघे, एकदा यांच्याकडे.

बसणं त्यांच्या स्वभावात नाही. जेवण उभ्याने, फोनवर बोलणं येरझाऱ्या घालत. सुट्टीच्या दिवशी घरातलं कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला. गोदामातला पट्टा मध्येच थांबला की मी झाडू हातात घेते, असं त्या सांगत. त्यांच्या घरी पाहुणी म्हणून गेले की मला खुर्चीत टेकायची लाज वाटते.

ही डोंगरवाट सत्तावीस दिवसांची आहे. एका गावातून निघायचं, कडेकडेने, धारेधारेने जायचं, शेवटी एक उंच खिंड ओलांडून पलीकडच्या गावात उतरायचं. वन्सं दोनदा निघाल्या होत्या आणि दोनदा परत आल्या होत्या. पहिल्यांदा तेहेतिसाव्या वर्षी, गोदामातल्या बायकांबरोबर. नवव्या दिवशी निरोप आला की नवरा स्कूटरवरून पडला. धावत घरी आल्या तर करंगळीला प्लास्टर. "करंगळीपायी माझे अठरा दिवस गेले," असं त्या पुढे दर समारंभात सांगत, आणि त्यांचे यजमान, आमचे भावजी, करंगळी वर करून दाखवत. दुसऱ्यांदा एकोणपन्नासाव्या वर्षी गेल्या. सतराव्या दिवशी दरड कोसळून वाट बंद झाली. मग भावजींचं आजारपण आलं, आणि भावजी गेले.

मागच्या हिवाळ्यात वन्सं पट्ट्यापाशी चक्कर येऊन पडल्या. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. पण त्यांचा मुलगा, माझा भाचा, जो धसकला तो धसकलाच. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात वन्संनी सॅक बाहेर काढली, तेव्हा त्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं, "एकटी नाही जायचं. मामी येत असेल तर जा. आणि मामी जिथून परत फिरेल तिथून तूही फिरायचं."

"जन्माला मी घातलं, बाप हा झाला," वन्सं म्हणाल्या. पण शब्द दिला. मग तो माझ्याकडे वळला. मीही दिला. या वेळी जमलं नाही तर पुढच्या वर्षी तो ऐकणार नाही हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

एवढं काय आहे त्या वाटेत, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "अर्धवट राहिलेलं डोक्यात खाजतं गं. बाकी काही नाही."

इतक्या दिवसांचं खाणं पाठीवर नेता येत नाही. म्हणून वाटेवरच्या चार गावांतल्या दुकानांत आधीच खोकी पाठवून ठेवतात, आणि आपण पोचलो की ती घ्यायची. खोकी भरली वन्संनी, दुसरं कोण भरणार. आत बोट शिरणार नाही अशी गच्च. कोपऱ्यात एक ते चार आकडे टाकले. माझं अक्षर बरं म्हणून पत्ते मी लिहिले. एकवर पहिलं गाव, दोनवर दुसरं, असं सरळ.

सहाव्या दिवशी पहिल्या गावात खोकं उघडलं. आतून लोकरीच्या टोप्या निघाल्या. हातमोजे, जाड पायमोजे, अंगात घालायचं गरम. खाणं जेमतेम चार दिवसांचं, आणि पुढचं गाव सात दिवसांवर. दुकानदारीण आमच्याकडे बघत राहिली, कारण बाहेर घाम निथळत होता आणि आम्ही हातमोजे धरून उभ्या होतो.

वन्संच्या लक्षात आधी आलं. गोदामात गाडी भरताना शेवटच्या गावाचा माल सगळ्यात आधी आत जातो, म्हणजे पहिल्या गावाचा दाराशी राहतो. त्यांचं एक नंबरचं खोकं हे शेवटचं, खिंडीच्या अलीकडचं होतं. हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं असं चौतीस वर्षांत त्यांना सुचलंच नव्हतं, आणि एक म्हणजे पहिला नाही असं माझ्या डोक्यात कुठून यावं.

"लाखभर खोकी गेली असतील या हातांतून," त्या म्हणाल्या, "आणि चुकायचं ते स्वतःचंच."

तिथून खोकं पुढे पाठवायची सोय नव्हती. खाणं कमी पडलं ते दुकानातून शेंगदाणे आणि बिस्किटं घेऊन भागवलं. पण ते गरम कपडे खिंडीपर्यंत पाठीवर वाहणं आलं. वन्संनी गठ्ठे हातात तोलले, मोठा स्वतःच्या सॅकमध्ये कोंबला आणि लहान मला दिला. "किलोभर आहे. देवाचं नाव घे आणि उचल."

त्यानंतर रोज तेच. पहाटे पाचला वन्सं तंबूची चेन उघडत आणि दवाचं पाणी माझ्या मानेवर पडे. मी तोंड धुऊन डोळे मिटून पाच मिनिटं बसे, तेवढ्यात त्या तंबू झटकून, घडी करून, सॅकच्या तळाशी घालत. कधीकधी मी डोळे उघडले तेव्हा माझी चटईसुद्धा निम्मी गुंडाळलेली असे. मग ओट्स, चहा, टाचांना चिकटपट्टी, ओले पायमोजे सॅकच्या पाठीला पिनांनी टांगायचे आणि चालायचं. दर तासाला दहा मिनिटं थांबायचं असं ठरलं होतं. त्या दहा मिनिटांत मी सॅकला टेकून पाय पसरे आणि वन्सं पाणी भरून आणत, सॅकचे पट्टे आवळत, पुढचं वळण बघून येत, परत येऊन म्हणत, "झाली दहा मिनिटं." घड्याळात सहा झालेली असत.

"वन्सं, मी काही पट्ट्यावरचं खोकं नाही," मी एकदा चिडून म्हणाले.

"खोकं बरं. तक्रार करत नाही."

पण रोज दुपारी माझा पाय मांडीवर घेऊन गुडघा दाबायच्या त्याच. आणि दाबताना प्रत्येक वेळी म्हणायच्या, "माझ्या त्या एक किलोनं केलं हे." मी म्हणायचे, वयाने केलं. त्यांना ते पटायचं नाही.

तेविसाव्या दिवशी आम्ही खिंडीच्या अलीकडच्या शेवटच्या कुटीत पोचलो. लाकडी भिंती, चार बाकडी, एक चूल, आणि ती सांभाळणारी एक बाई. माझा गुडघा पावासारखा फुगला होता. तिने त्यावर दोन बोटं दाबली. असे गुडघे तिने बरेच पाहिले असणार.

"हा खिंड चढेल," ती म्हणाली. "उतरणार नाही. उद्या सकाळी गॅसच्या टाक्या घेऊन जीप येते, तिने खाली जा."

"बरं," वन्सं लगेच म्हणाल्या, "मग आम्ही दोघी जातो खाली."

इतक्या सरळ म्हणाल्या की मला रडू आलं. मी काही बोलायच्या आत त्या बाहेर गेल्या. खिडकीतून बघते तर अंगणातला लाकडांचा सगळा ढीग त्यांनी उपसला होता आणि जाड खाली, बारीक वर, असा पुन्हा रचत होत्या. तो रचून झाला, तर पाण्याचे डबे रांगेत लावले. मग उंबऱ्यापाशी आल्या, खिंडीकडे पाहिलं, आणि डबे उचलून दुसऱ्या बाजूला लावले.

"त्यांना कुणी सांगितलं हे?" कुटीवालीने विचारलं.

"कुणी नाही. त्यांना थांबायला लागलंय म्हणून."

कुटीवालीने चुलीत एक लाकूड सारलं. मग म्हणाली, "हवा आहे चांगली. वाटेवर खुणा आहेत. पलीकडे उतरल्यावर आणखी एक कुटी आहे, तिथे माणूस असतो. एकट्या बायका जातात. मी सांगत नाहीये, नुसतं बोलतेय." ती हे जरा मोठ्यानेच म्हणाली. बाहेर डब्यांचा आवाज थांबला.

सकाळी मी डोळे मिटून बसले होते, ते उघडले तर वन्सं समोर उकिडव्या बसलेल्या. शेजारी दोन्ही सॅक तयार. माझी उचलून पाहिली तर हलकी लागली. तंबू, स्टोव्ह, भांडं, माझ्या वाटणीचं खाणं, सगळं त्यांच्या सॅकमध्ये गेलं होतं.

"तू खोटं बोलत नाहीस," त्या म्हणाल्या.

"नाही."

"म्हणून जरा डोकं चालवायला लागलं. जीप तुला रस्त्याला सोडेल. तिथून बस आहे खिंडीपलीकडच्या गावाला. तू तिथं जाऊन राहा. तो फोन करेल, विचारेल, मामी, आई कुठाय. तू म्हण, पुढं गेल्यात. खरंच आहे ते."

"आणि विचारलं, तू बरोबर आहेस का?"

त्या सॅकचा पट्टा ओढत राहिल्या, सैल करत राहिल्या. "तर म्हण, रेंज जातीये."

"तेही खोटंच."

"तुझा देव एवढं ऐकतो होय फोनवरचं?"

"वन्सं, मी त्याला शब्द दिलाय. तुम्हाला चक्कर आली तर कोण आहे तिथं?"

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी पट्टा सोडला आणि चक्क खाली जमिनीवर बसल्या, मांडी घालून, हात मोकळे. इतक्या दिवसांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. बाहेर जीपचा आवाज वळणावर ऐकू यायला लागला होता.

"शब्द मीच मोडतेय, तू नाही. मी सांगेन त्याला. तो बोलेल ते मी ऐकून घेईन," त्या म्हणाल्या. "खिंडीच्या अलीकडं असेन तोवर तो कुणाला तरी पाठवेल आणि मला परत आणतील. पलीकडं गेले की मागं यायला जेवढं, तेवढंच पुढं जायला. मग मला कुणी फिरवत नाही. तू फक्त परवा दुपारपर्यंत फोन उचलू नकोस. त्यानंतर त्याला सगळं खरं सांग."

मी फोन बंद करून हलक्या सॅकच्या तळाशी घातला, आणि काठी घेऊन जीपकडे निघाले.