डाव्या भुवईवरची खोक

युद्धसंग्रहालयाच्या तळघरात एक माणूस दिवसभर मेलेल्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बसायचा. डोळ्याला कायम भिंग, म्हणून सगळे त्याला भिंगोजी म्हणत. जुना फोटो आला की तो कुठला, कधीचा, त्यातला शिपाई कोण, रणगाडा कुणाच्या बाजूचा, हे शोधून काढायचं त्याचं काम. नाहीच ठरलं तर पाठीमागे पेन्सिलीने 'माहीत नाही' लिहून मोकळा व्हायचा.

"तुमचं 'माहीत नाही' टांगलं तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील," साहेब म्हणायचे.

"मागू द्या. मेलेल्याला दुसऱ्याचं नाव चिकटवण्यापेक्षा बरं."

एका फोटोवर मात्र त्याने कधी भिंग धरलं नव्हतं. रणगाड्याच्या झाकणातून अर्धा वर आलेला पोरगेला शिपाई, गालावर तेलाचे ओघळ, डाव्या भुवईवर खोक. वरच्या मोठ्या दालनात तो टांगलेला, खाली भिंगोजीच्या मामाच्या नावाची पाटी. मामा लढाईवरून परतला नाही, त्याची वस्तूही कुठली आली नाही. पुढे वर्तमानपत्रात हा फोटो आला आणि आईने खोक ओळखली. लहानपणी पायरीवरून पडला होता तो.

फोटोची एक प्रत घरी, जेवायच्या खोलीत होती. भिंगोजी त्या नजरेखालीच वाढला. पानात काही टाकलं की आई म्हणायची, "मामा बघतोय." आणि तो खरंच बघायचा. कुठेही बसा, नजर पाठ सोडायची नाही. केस पिकायला लागले तरी भिंगोजी त्या खोलीत एकटा जेवत नसे.

दालनात दरवर्षी शिवणवाल्या आजी यायच्या. फोटोसमोर उभ्या राहून म्हणायच्या, "हा माझा पोरगा." त्यांच्या मुलालाही खोक होती, पण उजव्या भुवईवर. आईला पोराचं डावं-उजवं कळत नाही होय, म्हणून लोक तोंडावर हसायचे. एकदा भिंगोजीच्या आईनेच त्यांना सुनावलं, "मावशी, माझा भाऊ मला राहू द्या. एवढाच उरलाय." तेव्हापासून आजी यायच्या, बघायच्या, न बोलता जायच्या.

आणि मग तो फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरच्या सुनेने माळ्यावरचा डबा आणून दिला. आत मूळ फिल्मा. फिल्मला एक बाजू चकचकीत, एक मंद. मंद बाजू खाली ठेवायची, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. भिंगोजीने ती उजेडाच्या काचेवर तशी ठेवली, आणि खोक उजव्या भुवईवर गेली.

त्याने त्याच जातीच्या रणगाड्याचे बाकीचे फोटो काढले. सगळ्यांत चालकाची खिडकी डावीकडे. फक्त दालनातल्या फोटोत उजवीकडे. छापायच्या घाईत कुणीतरी फिल्म पालथी धरली होती. इतकी वर्षं ते समोर टांगलेलं होतं, आणि फोटोंची शहानिशा करून पोट भरणाऱ्याने तेवढं एकच पाहिलं नव्हतं.

फिल्म डब्यात परत टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. तो डबा मांडीवर घेऊन बसून राहिला. मग त्याने सुलटी प्रत छापली. ट्रेमधल्या औषधाच्या पाण्यातून चेहरा हळूहळू वर आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या नजरेने भिंगोजीला ओळख दिली नाही.

घरी आई मटार सोलत होती.

"आई, हा मामा नाही."

"जिभेला काही हाड?"

त्याने दोन्ही फोटो तिच्यापुढे ठेवले, छोटा आरसा लावून दाखवला. आईचे हात थांबले. ती म्हणाली, "मग तो कसा दिसायचा?"

"कोण?"

"माझा भाऊ. डोळे मिटले की हाच येतोय रे. पायरीवर रडत बसलेला आठवतो, त्याचा आवाज आठवतो. तोंड मात्र याचं." तिने डोळे पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. "मी सांभाळला म्हणत होते. मीच पुसला की त्याला."

मामाचा दुसरा फोटो नव्हताच.

सकाळी भिंगोजीने दालनातली पाटी उतरवली आणि मायलेक दोघं शिवणवाल्या आजींकडे गेले. खिडकीशी मशीन, जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे. आईने सुलटी प्रत मशीनच्या फळीवर ठेवली. आजींनी चष्मा पदराला पुसला, उजव्या भुवईवर बोट ठेवलं.

"झाली का रे वाट सरळ?" त्या फोटोला म्हणाल्या.

भिंगोजीला राहवलं नाही. "आजी, तुमचाच आहे असं छातीठोक नाही सांगता येत. माझा मामा नाही, एवढं पक्कं."

"तू तुझं लिही बाबा. मला शिकवू नकोस."

आई पुढे सरकली. "मावशी, आपले दोघं एकाच गाडीने गेले. स्टेशनवर तुम्ही होतात. माझा भाऊ दिसला असेल तुम्हाला. तोंडाने कसा होता हो?"

आजींनी आठवून पाहिलं, मनापासून पाहिलं.

"तुझ्या शेजारी कुणी तरी उभं होतं खरं. उंच. पण तोंड नाही गं पोरी सांगता येत. मी माझ्याच पोराकडे बघत होते."

आई आजींच्या डोळ्यांकडे बघत राहिली, तिथे तिचा भाऊ अजून कुठे मागे राहिलाय का, ते शोधत.