कोंबड्यांचं आंबोण

काकी मडक्यात कोपरापर्यंत हात घालायची, तळापासून ढवळायची आणि मडक्याच्या तोंडाशी कान नेऊन ऐकत राहायची. "अजून बोलत नाय," म्हणायची आणि फडकं बांधून टाकायची. तिसऱ्या दिवशी बुडबुडे फुटू लागले की तिचा चेहरा जरा सैल व्हायचा. "आता बोलाय लागलंय."

ते कोंबड्यांचं आंबोण. भाताचा कोंडा, गिरणीतली कणी, मूठभर नाचणी, वर बुडेल इतकं पाणी आणि आधीच्या मडक्यातली एक ओंजळ विरजणासारखी. आंबवलेलं दिलं की कोंबडीचं थोडक्यात भागतं आणि अंड्याचं कवच टणक होतं, असं तिचं म्हणणं. अशी चार मडकी मागच्या परड्यात ओळीने असायची. आंबट वास मधल्या दगडी गडग्यावरून माझ्या खोलीपर्यंत यायचा. पहिल्या महिन्यात मी खिडकी लावून घ्यायचे. पुढे वास आला नाही तर चुकल्यासारखं वाटू लागलं.

मी ऐंशीच्या दशकात पूर्णगडच्या रस्त्यावरच्या त्या गावात शाळेत शिकवत होते. काकी माझी शेजारीण. नवरा मुंबईत वारलेला, मुलगी दापोलीकडे दिलेली, घरात तिशी ओलांडलेला अविवाहित मुलगा. गावातल्या अशा करारी बायका तुम्हीही पाहिल्या असतील. पण काकी नुसती करारी नव्हती, मारकी होती. खुराड्यात मुंगूस शिरलं, तेव्हा तिने शेपटीला धरून ते गडग्यावर आपटलं, एकदा नाही, चार वेळा. मग हात धुतले आणि मला अंडी आणून दिली. तिच्या बांधावरचं लाकूड उचलणाऱ्या चुलत दिराचा तिने दात पाडला होता. मुलाला तर अजूनही थोबाडीत बसायची. मी एकदा बोलले, तर म्हणाली, "माझा हात आधी जातो बाई, तोंड मागून."

त्या वर्षी शिमगा झाला आणि गावातल्या एकाने दारूच्या नशेत बायकोच्या तोंडावर मुसळ घातलं. तिचा एक डोळा गेला. दारू गावातच कुठेतरी गाळली जात होती. बायका माझ्याकडे आल्या, मी अर्ज लिहून दिला. पण चौकशी होईपर्यंत थांबायचा धीर त्यांना उरला नव्हता. एका सकाळी पंचवीस-तीस जणी दांडकी, मुसळं घेऊन भट्टी शोधायला निघाल्या. मीही निघाले. खरं सांगायचं तर मला त्यात उत्साह वाटत होता.

काकीच्या परड्याजवळ आलो आणि कोणीतरी म्हणालं, वास इथूनच येतो.

पहिलं मुसळ बसलं तेव्हा मी मागे होते. मडकं फुटलं, आंबट भपकारा उठला आणि "हीच ती" असा एकच गलका झाला. दुसरं, तिसरं, चौथं. पांढरट रबडी अंगणभर पसरली. खुराड्यातून सुटलेल्या कोंबड्या सवयीने तिच्यावर धावल्या आणि बायकांच्या पायांखाली चिरडल्या जाऊ लागल्या. काकी दारातून बाहेर आली. एकीने तिचे केस धरून तिला खाली ओढलं, दुसरीचं दांडकं खांद्यावर बसलं, ओठ फाटला. मी "थांबा, ते कोंबड्यांचं खाणं आहे" म्हणाले, पण माझं मलाच जेमतेम ऐकू आलं. दुसऱ्यांदा ओरडले, तोवर सगळं होऊन गेलं होतं.

काकीने हात उचलला नाही. मला त्याचंच नवल वाटत राहिलं. ती फक्त पडवीकडे बघत होती. तिथे तिचा मुलगा खांबाला टेकून नुसता उभा होता.

शेवटी एका म्हातारीने मूठभर रबडी उचलून हुंगली. कोंडा आणि कणी. ती मान खाली घालून निघून गेली, तिच्यामागे इतर. एक जण खापऱ्या गोळा करू लागली, तिला काकी म्हणाली, "राहूदे."

मी तिच्या ओठावरचं रक्त पुसत होते. बोलली का नाहीस, विचारलं. पडवी आता रिकामी होती.

"भट्टी कोणाची ती मला ठाऊक हाय बाई. माझ्यावरच भागलं असतं, तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती माझ्या दारात आली. हातात कोयती. "चला. कोणीतरी बघाय पायजे," एवढंच म्हणाली. काजूच्या राईमागे, पऱ्याच्या काठाला पिंप होतं, चूल पेटलेली होती आणि काजूच्या बोंडांचा सडका गोड वास कोंदला होता. मुलगा एकटाच होता. काकीने पिंपावर कोयती घातली. पत्रा फाटून ऊन रस उसळला, तिच्या पायांवर पडला, तरी ती मारतच राहिली. मुलगा आधी विनवत होता, मग त्याने चुलीतलं लाकूड ओढलं आणि तिच्या उजव्या हातावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

कोयती तिने डाव्या हातात घेतली आणि पात्याची सपाट बाजू त्याच्या कानशिलावर मारली. तो चिखलात पडला. ती वर उभी, कोयती उचललेली. मला वाटलं, आता ही त्याला तोडणार.

"आय," तो म्हणाला.

काकीचा हात तसाच वर राहिला. "त्या बाईचा डोळा तू फोडलास," ती म्हणाली. "मी ठाऊक असून बसले. दोघांनी मिळून फोडला."

मग कोयती तिने पऱ्यात टाकून दिली. त्याच दिवशी बायकांना तिने स्वतः जाऊन सांगितलं. पोलीस मुलाला घेऊन गेले. रत्नागिरीच्या दवाखान्यात तिचा हात प्लास्टरमध्ये घातला. महिन्याभराने मुलगी येऊन तिला दापोलीकडे घेऊन गेली. जाण्याआधी उरलेल्या तीन कोंबड्या काकीने डोळा गेलेल्या त्या बाईच्या दारात सोडल्या.

मुलगा सुटून आला तेव्हा मी अजून तिथेच होते. पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता पोस्टमन त्याच्या नावाचं कार्ड देऊन गेला आणि तो ते घेऊन माझ्याकडे आला. त्याला वाचता येत नव्हतं. बहिणीने लिहिलं होतं, आई तापाने गेली, दिवसकार्य झालं, हात शेवटपर्यंत सरळ झाला नाही. बस, इतकंच.

तो उंबऱ्याबाहेर उभा होता. "माझं काय लिवलंय?" त्याने विचारलं.

"तुझी आठवण काढत होती," मी म्हणाले. कार्डात तसं काही नव्हतं.

त्याने कार्ड परत घेतलं आणि गडग्यावर बसून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिला. कार्ड त्याने उलटं धरलं होतं.