भरलेली पिशवी
कार्बन साफ करायच्या स्प्रेचा उग्र वास आज गॅरेजात नाकात शिरला आणि आमच्या लोहा गावातला एक रविवार आठवला. आईला एसटी लागायची, म्हणून बाबांनी गाडी घेतली होती. पण लांब नेली की इंजिन झिजतं म्हणत दोन वर्षं घर ते शाळा एवढीच चालवली, तीही सायकलच्या वेगानं. आईचं माहेर लातूरला, ते राहूनच गेलं. पुढं गाडी चालू करताना थरथरायला लागली, चढावर धापा टाकायला लागली. मिस्त्रीनं इंजिन उघडून बाबांना वाकून बघायला लावलं. हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवर, दूध उतू जाऊन शेगडीवर करपावं तशी काळी खपली बसली होती. स्प्रे मारून ब्रशनं घासत तो म्हणाला, "गुरुजी, लई जपली तुम्ही. जरा लांब पळवा हिला, न्हाई तर पुन्हा हेच हाय." बाबा घरी आले आणि दारातूनच आईला म्हणाले, "चल, लातूरला जाऊन येऊ." आईनं कपाटावरची पिशवी काढली, ती भरलेलीच होती. गाडीत बसताना ती एवढंच बोलली, "गाडीचं औषध म्हणून का व्हईना, मला माहेर घडतंय." बाबांनी उगीचच आरसा पुसला. आता गाडी मी चालवतो. मागच्या महिन्यात आई म्हणाली, "लातूरला जाऊन येऊ का रे?" मी म्हणालो, "बघू, सर्व्हिसिंग झाल्यावर." घरी पिशवी भरलेली असणार.