टॉवेलांमागचे बूट

अशोकच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी लंडनजवळच्या हाउन्सलोच्या घरी पोळ्या लाटत होते. "आत्या, बाबा पडले, शर्यतीत," एवढंच ती बोलली. मला वाटलं, गुडघा फुटला असेल. दोन शिव्या मनात तयार ठेवूनच मी निघाले. ब्रिस्टलला पोचेपर्यंत त्या ऐकायला अशोक राहिला नव्हता...

अशोक माझा मामेभाऊ, माझ्याहून लहान. नागपूरला शाळेच्या शर्यतीच्या सकाळीच त्याचे बूट चोरीला गेले आणि तो मैदानाच्या कडेला रडत बसला. तेव्हा पीटीच्या सरांनी त्याला विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका अमेरिकन आदिवासी खेळाडूची गोष्ट सांगितली. ऐन ऑलिंपिकमध्ये त्याचे बूट गेले, तर म्हणे कचऱ्यातून दोन वेगवेगळे बूट उचलून, मोठ्या बुटात जादा मोजे घालून तो धावला आणि जिंकला. पुढे त्याची पदकं काढून घेतली. परत मिळाली ती तो मेल्यावर. त्या दिवशी अशोक एका पायात सरांचा आणि दुसऱ्यात मित्राचा बूट घालून धावला, आणि तो अमेरिकन आमच्या घरात कायमचा मुक्कामाला आला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. माझं त्याच्याशी भांडण आहे.

खरं तर भांडायला तोंड नाही. जातीवरून टोमणे ऐकत अशोक इंजिनिअर झाला, तो त्याच्याच जोरावर. ब्रिस्टलच्या विमान कारखान्यात त्याला डावलून मागून आलेल्यांना बढत्या मिळाल्या, तरी हा म्हणायचा, "मिळेल त्या बुटात धावायचं, ताई." लंडनला ऑलिंपिक मिळाल्याची बातमी आली तेव्हा घरी पेढे वाटले त्याने, जणू यालाच धावायला बोलावलं होतं.

त्यांच्या घरात एक खेळ होता. शर्यतीच्या सकाळी प्रज्ञा त्याचा एक बूट लपवायची. नियम एकच, हरवलेला बूट शोधायचा नाही. मग एका पायात स्वतःचा, दुसऱ्यात बागकामाचा, असा हा डाऊन्सच्या माळावर धावायचा. लोक हसायचे, तोही हसायचा. मी त्याला येडा म्हणायचे.

तो गेला त्या वर्षी वसंतात मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा जिना चढता चढता तो मध्येच थांबला. मी म्हटलं, "डॉक्टरकडे जा, जीपीकडे."

"ॲसिडिटी आहे गं ताई. तो अमेरिकन काय सबब सांगत बसला होता?"

"तो मेला, अशोक."

"पदकं मिळाली ना पण?"

मी चहा टाकला.

अशोकच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून लोक गेले, तेव्हा प्रज्ञाने मला हाताला धरून वर नेलं. बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांमागे, अशोकचे धावायचे बूट होते. दोन्ही.

"त्या दिवशी मी गेम नव्हती खेळत, आत्या. बाबाचा चेस्ट दुखत होता. मी सांगितलं, नको जाऊ, तर हसले. म्हणून दोन्ही लपवले. वाटलं, शोधत येतील, विचारतील, मग नीट सांगेन."

"मग?"

"म्हणाले, आज दोन्ही? शाब्बास. आणि बागेतला एक आणि माझा जुना एक घालून गेले. ही डिडन्ट ईव्हन लुक, आत्या."

तुझी चूक नाही, असं मी म्हटलं. सगळेच म्हणतात, ती म्हणाली. मग मला खरं वाटत होतं तेच बोलले. "पोरी, त्याला शोधायला कुणी शिकवलंच नाही. सोसल्याबद्दल टाळ्या मात्र आम्ही सगळ्यांनी वाजवल्या." तेव्हा ती माझ्या खांद्यावर रडली, बराच वेळ. मलाही आवरलं नाही. तिचं ओझं उतरलं असं मी म्हणणार नाही, थोडं माझ्याकडे आलं इतकंच.

बूट मी बाहेर काढायला गेले, तर तिने माझा हात धरला. अजून तिथेच आहेत ते. मागच्या शनिवारी राहायला गेले होते. अंघोळीला टॉवेल घ्यायला कपाट उघडलं, तर समोरच एका बुटाची टाच दिसली. फार आत ढकललेच नव्हते तिने. कपाट उघडायचीही गरज नव्हती, जिन्यातून नुसतं विचारलं असतं तरी पुरे होतं, "प्रज्ञा, माझे बूट कुठे आहेत गं?"