गाठ माझी नाही

तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो खाडीकाठच्या केवड्याच्या जाळीत शिरला होता. एका पानाचा शेंडा धरून तो हात बुडाकडे सरकवत होता आणि तळहात रक्तानं माखला होता. ती चटयांसाठी पानं कापायला आली होती. तिनं क्षणभर गंमत पाहिली आणि मग सांगितलं, "बुडापासून शेंड्याकडे हात न्या. काटे तिकडे तोंड करून बसतात. उलटं गेलात तर चावणारच."

तो तेवीस वर्षांचा काटकुळा विद्यार्थी होता. वाळवलेल्या झाडपाल्याच्या संग्रहालयातून केवड्याच्या जाती शोधायला आला होता. पुस्तकात त्या भागातल्या दोनच जाती होत्या. ती म्हणाली, चार आहेत. त्याला खरं वाटेना, तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले आणि त्यानं हातात दिलेली अकरा पानं बोटं फिरवून चार ढिगांत लावली. चौथीला ती उलटकाटी म्हणायची, कारण तिच्या मधल्या शिरेवरचे काटे बुडाकडे वळलेले असायचे. विणताना तेवढं लक्षात ठेवलं नाही तर बोट फाटतं.

पुढच्या महिन्यात ती संग्रहालयात रोजावर लागली आणि वर्षभरात कायम झाली.

केवड्याचं काम इतर झाडांसारखं सरळ नाही. पान माणसाहून उंच, त्यामुळे त्याचे बूड, मधला भाग आणि शेंडा असे तीन तुकडे करावे लागतात. फळ कागदावर मावत नाही, ते वेगळ्या खोक्यात जातं. त्यात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. एकाच झाडाची अशी चार ठिकाणी पांगापांग होते आणि त्यांना जोडणारी गोष्ट एकच, चिठ्ठीवरचा आकडा. म्हणून तिचा नियम होता, आधी चिठ्ठी, मग कोयता. झाडावर असतानाच प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधायची आणि मगच तो कापायचा. गाठ चटईवाल्यांची, दोन वेढे घेऊन टोक आत दडवलेली. ओढून सुटत नाही, कात्रीच लावावी लागते. संग्रहालयात सगळे तिला गाठीताई म्हणत.

त्याला ती गाठ कधी जमली नाही. तो फासा टाकायचा. "तुझी गाठ म्हणजे बुटाची नाडी," ती म्हणायची, आणि त्यानं बांधलेल्या चिठ्ठ्या सोडून पुन्हा बांधायची.

तो तिला ताई म्हणू लागला. एकदा तापानं नऊ दिवस तिच्याच घरी पडून होता. तिचा नवरा बसचा ड्रायव्हर, जिभेला हाड नसलेला. दारात याची सावली दिसली की आत ओरडायचा, "मेव्हणे आले, मोठं ताट काढा." तिच्या मुलीला बीजगणित त्यानंच शिकवलं. तिला सख्खा भाऊ नव्हता आणि त्याची उणीव आता वाटत नव्हती.

चौदा वर्षं गेली. त्याचा साहेब झाला. कचेरीत ती त्याला अहोजाहो करी, घरी अरेतुरे.

त्याच सुमाराला खाडीच्या वरच्या अंगाला त्यांना एक वेगळीच उलटकाटी सापडली. दोन झाडं एकमेकांना इतकी बिलगलेली, की कुठलं आधाराचं मूळ कुणाचं ते कळू नये. तिनं पानांना चिठ्ठ्या बांधल्या, आकडा दोनशे चौदा. फळ अजून कोवळं होतं. ते पिकल्यावर घ्यायचं ठरलं. निघताना तिनं बजावलं, की वर लोंबतंय ते फळ शेजारच्या झाडाचं आहे, आपलं खाली पानांत दडलंय. मग मुलीचं बाळंतपण आलं आणि ती वीस दिवस रजेवर गेली. परत आली तेव्हा फळ खोक्यात जाऊन खोकं कपाटात बंद झालं होतं. दोनशे चौदा ही नवी जात म्हणून छापून आली. साहेबांनी पेढ्यासारखे सगळ्यांना छापील कागद वाटले. तिनंही एक घरी नेऊन ट्रंकेत ठेवला.

सहा वर्षांनी परदेशातल्या कुणा अभ्यासकानं ते खोकं मागवून पाहिलं आणि कळवलं, की पान एका जातीचं आहे, फळ दुसऱ्या जातीचं.

तिला हे कुणी सांगितलं नाही. फक्त एक दिवस फिरतीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. तिनं संग्रहालयाच्या बाईंना, म्हणजे कपाटं सांभाळणाऱ्या वयस्क अधिकारी बाईंना, कारण विचारलं. बाईंनी बराच वेळ चष्मा पुसला आणि साहेबांनी छापलेल्या खुलाशातली एक ओळ वाचून दाखवली. गोळा करताना सहायकाकडून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, असं त्यात होतं.

तिनं खोकं पाहायला मागितलं. बाईंनी कपाट उघडलं. पानाच्या तिन्ही तुकड्यांवर तिची गाठ होती, जशीच्या तशी. फळाच्या चिठ्ठीवर फासा होता.

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

"फळावरची गाठ माझी नाही."

साहेब कागदांत पाहत म्हणाले, "ताई, गाठ कोण बघतं? आणि तुझं नाव घातलंय का कुठं? नुसतं सहायक म्हटलंय."

"सहायक किती होते?"

त्यांनी हातातले कागद बाजूला सारले. मग हळूच म्हणाले, की खुलासा आणखी एकदा छापला तर त्यांची सगळीच कामं लोक तपासायला काढतील, बढती हातची जाईल. ताईनं समजून घ्यावं. तिची नोकरी तर कुठं जात नाही, खोलीत बसून कागद चिकटवायचे, उन्हातान्हातून सुटका.

"समजलं," ती म्हणाली. "तुम्ही ते एकदा नीट छापा, एवढंच मागायला आले होते. नाही छापणार ना?"

त्यांनी मान हलवली. तिनं त्यांना तुम्ही म्हटलं होतं, पण ते कचेरीतलं तुम्ही नव्हतं, हे त्यांनाही कळलं असावं.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकलं. एरवी प्रत्येक गोष्टीवर कोटी करणारा माणूस, पण त्या दिवशी एवढंच म्हणाला, "केसानं गळा कापला गं." थोड्या वेळानं उठून त्यानं मोठं ताट फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं.

पुढच्या आठवड्यात ते फळ वेगळ्या आकड्यावर लावायचं ठरलं. बाईंनी कात्री तिच्याच हातात दिली. तिनं ती खाली ठेवली आणि विनंती केली, की जुना दोरा आहे तसा राहू द्या, नवी चिठ्ठी शेजारी बांधा. बाईंनी मान डोलावली, दोऱ्याला हात लावला नाही आणि खोकं पुन्हा कपाटात ठेवलं. दुपारी तिनं राजीनामा दिला.

आता ती शहराच्या बागेच्या रोपवाटिकेत काम करते, सकाळी सात ते दुपारी तीन. कलमं कापायच्या आधी चिठ्ठ्या बांधते. साहेबांचा फोन अजून अधूनमधून येतो. तो नवरा उचलतो आणि ती घरी नाही असं सांगतो.