तासाभराचं विमान आणि बोर्लीचा मांडव

खानदेशातल्या आमच्या छोट्याशा विमानतळावरून सकाळी विमान उडालं, तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो. मोबाइलवर स्पष्ट लिहिलं होतं : हवाई अंतर सव्वातीनशे किलोमीटर, वेळ एक तास. भाचीचं लग्न बोर्ली पंचतनला, गोरज (सूर्यास्ताच्या) मुहूर्तावर. तिला बोहल्यावर आणायचं मामानं, आणि मामा मी एकटाच. धाकटी बहीण सुमन म्हणत होती, आदल्या दिवशीच ये. मी ऐटीत सांगितलं, नवा विमानतळ तुमच्याच रायगड जिल्ह्यात आहे, दुपारी जेवायला पोचतो. तिलाही ते पटलं. जिल्हा एक म्हणजे जवळच, असा आम्हा दोघांचा समज.

विमानानं शब्द पाळला. टॅक्सीवाला अंकुश मात्र बोर्लीचं नाव ऐकून माझ्याकडे बघतच राहिला. हा न्हावा शेव्याकडचा आगरी गडी, पूर्वी कंटेनर चालवायचा. विमानतळ जिल्ह्याच्या एका टोकाला आणि बोर्ली दुसऱ्या, हे त्यानं मला पळस्प्याच्या कोंडीत समजावलं. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये आम्ही. माझं डोकं फिरायची वेळ आली.

पेणच्या पुढे त्यानं न विचारता गाडी एका गावात वळवली. चुलतभावाची हळद होती. मी मुहूर्त सांगितला, आवाजही चढवला.

"हलदीचं घर हाय, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "दारावरून गेलो नि पान्यालाबी थांबलो न्हाय, तर भाऊबंद माजं तोंड बघनार न्हाईत."

मलाही हाताला धरून पंगतीत बसवलं. तांदळाची भाकरी, मटण. नको म्हटलं की वाढपी आणखी वाढायचा. त्या मटणाचाही राग आला, कारण ते अप्रतिम होतं.

मग खणलेला महामार्ग, मग तळा गावावरून आडवाट. मुलूख देखणा असावा. मी फक्त खाली चाललेला सूर्य बघत होतो आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होतो.

बोर्लीत पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या. सुमननं आधी पाणी दिलं. गुरुजींनी मामांना दोनदा हाक मारली, मग तीच लेकीला घेऊन आली, असं तिनं सांगितलं. मी कंटेनर, हळद, रस्ता असं काहीबाही बोलू लागलो.

"असू दे, दादा," ती म्हणाली. "माहेरचं कुणीतरी उभं राहायला हवं होतं, म्हणून मी राहिले."

परत आलो तो एसटीनं आणि रेल्वेनं. घरी जो तो विमानाचंच विचारतो, मी छान होतं म्हणतो. परवा भाचीनं लग्नाचे फोटो पाठवले. अंतरपाटाच्या पलीकडे नवरदेव, त्याच्या मागे त्याचा मामा. अलीकडे भाची, तिच्या मागे सुमन. हात लेकीच्या खांद्यांवर, आणि मान मांडवाच्या दाराकडे वळलेली.